दोल्वित्स्कींचा मयत

दोल्वित्सा गावात कोणी ‘गावेल पितेल’ अशी हाक मारली असती, तर निम्म्या लोकांनी मान वर केली नसती. ‘मयत’ म्हटलं की पोराटोरांनाही कळायचं. मयताकडून घोडीचा पाय बघून घे, मयताची बायको आजारी आहे, मयत आज नदीवर दिसला. म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे आणि गावेललाही वाटत नसे. छत्तीस वर्षांत तो तीनदा मेला होता, आणि तिन्ही वेळा भर चर्चमध्ये, शे-दोनशे माणसांदेखत.

पहिल्या वेळी तो वीस वर्षांचा होता, दोल्वित्स्कींच्या तबेल्यात मोतद्दार. थोरले धनी हिएरोनिम दोल्वित्स्की पानगळीच्या दिवसांत वारले. त्यांची शवपेटी गढीच्या मागच्या थंड खोलीत ठेवली होती, कारण रस्त्यावरचा चिखल गोठल्याशिवाय क्राकूफ आणि व्हिल्नोकडचे पाहुणे निघणार कसे? अंत्यविधीला तीन महिने होते. अशात एका सकाळी दिवाणजी मोखोर हातगाडीवर धन्यांचं चिलखत घालून तबेल्यात आले आणि मोतद्दारांना ओळीने उभं केलं. एकाला ते छातीत बसेना, दुसऱ्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबलं. गावेलला बसलं.

“हात वर कर,” दिवाणजी म्हणाले. “श्वास घे.”

“घेतोय.”

“टोचतंय कुठे?”

“काखेत थोडं.”

“टोचू दे. तूच बरा.”

“मी काय करायचं, दिवाणजी?”

“मरायचं.”

बाकीचे हसले. मोखोर हसले नाहीत. ते नेमक्या शब्दांत बोलणारे गृहस्थ होते. “धनी चिलखत घालून घोड्यावरून चर्चमध्ये शिरतात, थेट शवपेटीपर्यंत जातात, भाला मोडतात आणि खाली कोसळतात. अशी रीत आहे. आता धन्यांना स्वतः येणं जमणार नाही. म्हणून तू यायचंस.”

“पडायचं म्हणजे हळूच ना?”

“हळूच पडलास तर बाहेर आल्यावर मी पाडीन. शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीला आवाज गेला पाहिजे.”

पुढे लोकांनी त्या निवडीला नाही नाही ती शेपटं जोडली. गावेलची आई गढीच्या स्वयंपाकघरात होती, थोरल्या धन्यांचं नाक असंच होतं, वगैरे. त्यात काही तथ्य नव्हतं. गावेलचं नाक त्याच्या बापासारखं चपटं होतं आणि त्याचे मोठे कान आजोबांचे. चिलखत बसलं, एवढंच.

तो आधी गवतावर पडायला शिकला, मग मातीवर, मग फळ्यांवर. एक पाय रिकिबीतून आधीच सैल करायचा, हनुवटी छातीला लावायची आणि अंग ओल्या पोत्यासारखं सोडून द्यायचं. अंग आवरलं की हाड मोडतं, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं. सिवेक नावाच्या करड्या घोड्याच्या कानांत लोकर कोंबून त्याला ऑर्गनच्या आवाजाची सवय लावली.

अंत्यविधीच्या दिवशी शवपेटीमागे दोल्वित्स्की आडनावाचे सतरा पुरुष चालत होते. भाऊ, पुतणे, चुलत-मावस, एक पाद्री, दोन कडेवरची पोरं. प्रत्येकाच्या अंगठीवर घराण्याचा पांढरा बगळा. गावेल मधल्या वाटेने घोडा घेऊन आत आला तेव्हा बाया हुंदके द्यायला लागल्या. त्याचे दात वाजत होते, शिरस्त्राणात स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. त्याने भाला मोडला आणि अंग सोडलं. दगडी फरशीवर लोखंड आदळल्याचा आवाज छतापर्यंत गेला. मग तास-दीड तास तो तसाच पडून राहिला, कारण मेलेला माणूस प्रवचन संपायच्या आधी उठत नाही. फरशीचा गारठा चिलखतातून पाठीत शिरत होता. सिवेकने तिथेच मुतून घेतलं. तेव्हा नुकतेच आलेले तरुण फादर ईजी वेदीवरून तिकडे बघायचं टाळत होते, तेही त्याला खालून दिसत होतं.

त्याला बक्षीस म्हणून कोकराच्या कातड्याचा कोट आणि बियरचं पिंप मिळालं. नाव मिळालं ते वेगळंच.

दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं. बायको तेक्ला गढीच्या भाजीमळ्यात कामाला होती. मेलेल्याशी लग्न करतेस म्हणून मैत्रिणी तिला चिडवायच्या. ती म्हणायची, “मेलेला बरा. मारत तरी नाही.” आणि गावेलने तिच्यावर कधी हात उचलला नाही, हे खरं. त्यांना एकच मूल जगलं, याकूब. पोरगा बोलका होता. घोड्यांना घाबरायचा, पण बापाला कळू द्यायचा नाही. तबेल्यात आला की पाठ भिंतीला लावून उभा राहायचा आणि तिथूनच गप्पा मारायचा.

दुसरी वेळ आली तेव्हा गावेल सदतिसाचा होता. हिएरोनिमचा मुलगा बोनाव्हेंतुरा छातीच्या दुखण्याने गेला. पुन्हा चिलखत निघालं, घासून पुसून तेल लावलं गेलं. विधीची मांडणी करायला मोठ्या शहरातून एक गृहस्थ आणवले होते. त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. त्यांच्याकडे फक्त दोन दिवस होते.

त्याच आठवड्यात याकूबचा घसा सुजला. आधी आवाज गेला, मग पाणी जाईना. तेक्लाने चरबी चोळून पाहिली, शेजारणीने कांदा भाजून गळ्याला बांधला. शुक्रवारी पहाटे पोरगा गेला. अकरा वर्षांचा होता. शनिवारी दुपारी त्याला नदीपलीकडच्या लाकडी चॅपलपाशी पुरायचं ठरलं.

गावेल दिवाणजींकडे गेला. टोपी काढून उभा राहिला.

“शनिवारी दुपारी मला सोडा. मुलगा गेला.”

मोखोरांनी कपाळ चोळलं. ते वाईट नव्हते. “कधी गेला?”

“आज पहाटे.”

“देव त्याला शांती देवो. पण गावेल, मास्तर रविवारी सकाळी निघणार. शनिवारची दुपार एवढाच वेळ चर्च मोकळं आहे. तुझ्याशिवाय सराव म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. पुरायला तेक्ला आहे, तिचे भाऊ आहेत. तू असलास काय, नसलास काय, पोराला आता काय फरक?”

गावेलने टोपी घातली आणि तो तबेल्याकडे वळला. ते पटलं म्हणून नव्हे.

शनिवारी दुपारी तो चर्चमध्ये नऊ वेळा पडला. मास्तरांना कधी भाला लवकर मोडल्यासारखा वाटे, कधी घोडा वाकडा. सातव्या खेपेला तो फरशीवर उताणा पडला असताना नदीपलीकडून लहान घंटेचा आवाज आला. त्या चॅपलची घंटा फुटकी होती, तिचा आवाज पातेल्यावर डाव आपटल्यासारखा. तो ऐकत राहिला.

“उठा,” मास्तर म्हणाले. “आता पुन्हा, आणि या वेळी उजवा हात बाहेर टाका. फार छान दिसतं ते.”

तो उठला आणि पुन्हा घोड्यावर बसला. उजवा हात बाहेर टाकला.

घरी आला तेव्हा तेक्ला चुलीपाशी बसली होती. तिच्या बुटांना ओली पिवळी माती लागली होती. तिने त्याच्यापुढे राय नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं कढण ठेवलं आणि भाकरीचा तुकडा.

“किती वेळा पडलास?”

“नऊ.”

“लागलं?”

“नाही.”

ते खरंच होतं. खांदा काळानिळा झाला होता, पण दुखत नव्हता. त्याने कढण संपवलं. ते गरम होतं की गार, हेही त्याला सांगता आलं नसतं. रडू येईल म्हणून तो थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला; आलं नाही. मग घोड्यांना पाणी दाखवायची वेळ झाली.

मंगळवारी खरा विधी झाला. या वेळी शवपेटीमागे दोल्वित्स्की आडनावाचे पाचजण होते. सतरा वर्षांत स्वीडिश सैन्यामागून आलेल्या साथीने काही नेले होते, एकजण सॅक्सनीत नदीत बुडाला, दोघे एकमेकांशीच तलवारीने भांडून मेले, काहींच्या घरी नुसत्या मुली झाल्या. ओळीत सगळ्यात पुढे बोनाव्हेंतुराचा मुलगा क्लेमेन्स, सहा वर्षांचा, काळ्या अंगरख्यात. गावेल भाला मोडून कोसळला तेव्हा तो पोराच्या अगदी समोर आला. शिरस्त्राणाच्या फटीतून त्याला पोराचे बूट दिसत होते. ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्लेमेन्स तबेल्यात आला. एकटाच.

“काल बाबा म्हणून तूच पडलास ना?”

“हो, धाकटे धनी.”

“बाबा उठले नाहीत. तू कसा उठलास?”

“मला घोड्यांना पाणी पाजायचं होतं.”

पोराने विचार केला. उत्तर त्याला पटलेलं दिसलं. “मला शिकव पडायला,” तो म्हणाला.

गावेलने आधी त्याला बसायला शिकवलं, मग पडायला. बाकीच्या जमीनदारांची मुलं नुसती बसायला शिकतात आणि पहिल्याच कुंपणापाशी दात पाडून घेतात, असं तो म्हणायचा. क्लेमेन्स डावा खांदा खाली टाकून बसे. ती खोड गावेलला काही केल्या मोडता आली नाही. पोरगा बडबड्या होता. दोल्वित्स्कींना बगळा कसा मिळाला ते त्यानेच गावेलला सांगितलं. मूळ पुरुष राजाच्या सैन्याबरोबर होता, नदीला उतार सापडेना, तेव्हा त्याला पाण्यात बगळा उभा दिसला आणि तो म्हणाला, इथून चला. राजाने खूश होऊन गावं दिली.

“बगळा उभा असतो तिथे पाणी उथळ असतं, हे आमच्या गाईलाही कळतं,” गावेल म्हणाला.

“मग राजाने तुमच्या गाईला का नाही गावं दिली?”

“तिने मागितली नाहीत.”

क्लेमेन्स खोगिरावर हसता हसता तोल जाऊन पडला, आणि पडला तो अगदी शिकवल्यासारखा. लळा लागला असं गावेल कधी म्हणाला नसता. त्याला तो शब्द वापरायची सवयच नव्हती. पोरगा यायचा, घोडा तयार असायचा. दिवस जात होते.

पाचाचे चार झाले, चाराचे दोन. वॉर्सॉला राहणारा एक चुलतभाऊ खाणावळीच्या जिन्यावरून पडून मेला. पाद्री असलेले चुलत आजोबा म्हातारपणाने गेले. शेवटी क्लेमेन्स एकटा उरला. आई, लुद्विका बाईसाहेब, त्याच्या लग्नाच्या मागे लागल्या. पंचविसाव्या वर्षी सोयरीक ठरली, मुलगी पलीकडच्या परगण्यातली होती, लग्न ईस्टरनंतर. तेवढ्यात सीमेच्या भांडणाचा खटला निघाला आणि क्लेमेन्सला ऐन थंडीत लुब्लिनला जावं लागलं. गावेलचं कंबरेचं हाड आता कुरकुरत होतं, म्हणून या खेपेला त्याला नेलं नाही. क्लेमेन्स घसरगाडीत बसता बसता म्हणाला होता, “खटला बर्फासारखा आहे रे, गावेल. वितळेपर्यंत हलत नाही.”

तीन आठवड्यांनी घसरगाडी परत आली. गाडीवान तबेल्याच्या दारात येऊन थांबला. त्याच्या मिशीवर बर्फ होतं.

“धनी गेले,” तो म्हणाला. “ताप आला. पाच दिवसांत आटोपलं. खाणावळीतच.”

गावेल तेव्हा एका घोडीच्या पायांना कापूर घातलेलं तेल चोळत होता. तीन पाय झाले होते, चौथा राहिला होता. त्याने तोही चोळून पूर्ण केला, पट्टी बांधली, हात पुसले आणि मग गाडीवानाला विचारलं, “घोडे कसे आहेत?”

“दमलेत.”

“आण आत.”

शवपेटीवर ठोकायला पत्र्यावरचं चित्र लागतं. मेलेला माणूस त्यातून आलेल्यांकडे बघत असतो. ते काढायला एक चितारी आला. क्लेमेन्सला त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि गढीत लहानपणचं एक धूसर चित्र सोडलं तर काही नव्हतं. बाईसाहेब कोणाशी बोलत नव्हत्या. दिवाणजी मोखोर आता सत्तरीकडे झुकले होते, कानाने गेले होते. त्यांनी चिताऱ्याला तबेल्यात पाठवलं.

“तुम्ही त्यांना रोज बघायचात म्हणे,” चितारी म्हणाला. “डोळे कसे होते?”

गावेलने डोळे आठवायचा प्रयत्न केला. “माणसासारखे.”

“निळे? घारे?”

“ठाऊक नाही.”

“नाक? हनुवटी? जखमेची खूण वगैरे?”

एकोणीस वर्षं रोज सकाळी ज्याला रिकिबीत पाय घालून दिला, त्याचा चेहरा त्याला आठवेना. भिंत आठवावी तसं काहीतरी करडं समोर येत होतं.

“मी बहुतेक त्यांच्या मागे असायचो,” तो शेवटी म्हणाला. “डावा खांदा खाली असायचा. हा एवढा. मानेवर इथे केसांचा भोवरा होता.”

“मागून नाही काढत चित्र,” चितारी म्हणाला, पण हळू आवाजात. त्याने खांदा मात्र तसा काढला. चेहरा कोणाचाही असू शकला असता.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी गावेलला वर बोलावलं. तो त्या खोलीत पहिल्यांदाच गेला होता. त्या खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. समोर ताटलीत बकव्हीटची लापशी होती, तिच्यावर साय धरली होती.

“तुझं वय काय?”

“छपन्न असेल, बाईसाहेब.”

“मोखोर म्हणतात, या वेळी तरुण माणूस घ्यावा. तबेल्यात एक आहे ना?”

“आहे. चांगला आहे. हाडं मऊ आहेत.”

“तो क्लेमेन्सला ओळखायचा?”

“नाही. सप्टेंबरात आलाय.”

“मग तूच.”

“बरं.”

गावेलला वाटलं, आता जायचं. पण त्यांनी जा म्हटलं नाही. खाली कोणीतरी लाकडं फोडत होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “पडताना तुला काय वाटतं?”

“काही नाही वाटत.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्या खेपेला भीती वाटली होती. थोरल्या धन्यांच्या वेळी. दुसऱ्या वेळेपासून काही नाही.”

“सवय झाली.”

“तसं नाही. तेव्हा माझा मुलगा गेला होता. त्याच आठवड्यात. त्याला पुरत होते तेव्हा मी इथे सराव करत होतो.”

बाईसाहेबांनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. “मला कोणी सांगितलं नाही.”

“तुमच्या घरात तेव्हा मयत होतं, बाईसाहेब. आमचं कोण सांगणार?”

“नाव काय होतं?”

“याकूब.”

त्या पुन्हा खिडकीकडे बघू लागल्या. “लोक येतात,” त्या म्हणाल्या. “माझे हात धरून रडतात. मी त्यांना बसा म्हणते, काय घेणार विचारते. ते गेले की कोण आलं होतं ते आठवत नाही. फादर म्हणतात, रडू येईल, वेळ लागतो. तुला किती लागला?”

“एकोणीस वर्षं झाली.”

“आणि?”

“अजून नाही.”

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच उत्तर हवं होतं. “कंबरेला काहीतरी गुंडाळ आतून,” त्या म्हणाल्या. “फरशी गार असते.”

तिसऱ्या वेळी शवपेटीमागे दोल्वित्स्की आडनावाचं कोणी नव्हतं. आईच्या माहेरचे होते, ठरलेल्या सुनेचे होते, शेजारचे जमीनदार होते, आणि शवपेटी व पाहुणे यांच्यामध्ये चार-पाच पावलांची जागा रिकामी ठेवली होती. ती कोणी सांगून ठेवली नव्हती. लोकच तेवढे मागे चालत होते. गावेल घोड्यावरून आत आला. चिलखत आता पोटाला घट्ट होत होतं. पत्र्यावरचा अनोळखी माणूस डावा खांदा पाडून त्याच्याकडे बघत होता. भाला मोडला. गावेलने अंग सोडलं. उजवा हात बाहेर टाकला.

तो पडून राहिला आणि बाकीचं छताकडे बघत ऐकलं. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याच्याबरोबर घराण्याचं सगळं मोडतात. आधी शिक्का फोडला. मग निशाणाची काठी मोडली. शेवटी बगळ्याची ढाल आली. ही ढाल लिंडनच्या लाकडाची, मुद्दाम करवलेली. मोखोरांनी सुताराला सांगितलं होतं की मागून करवतीने अर्धी कापून ठेव. सुताराने एक तर ऐकलं नव्हतं किंवा चांगल्या कामावर करवत चालवायचा त्याला धीर झाला नव्हता. विधीचा पुकारा करणाऱ्याने हातोडा घातला, ढाल नुसती दणाणली. दुसऱ्यांदा घातला, बगळ्याचा रंग उडाला. कोणीतरी खोकलं. तिसऱ्या घावाला ती उभी चिरली.

“आजपर्यंत दोल्वित्स्की होते,” पुकारा झाला. “आजपासून दोल्वित्स्की नाहीत.”

ऑर्गन सुरू झाला. गावेल वाट बघत राहिला की आता काहीतरी वाटेल. छताला जिथे गळती होती तिथे एक डाग पडला होता. तो पहिल्या खेपेला नव्हता.

संध्याकाळी तेक्ला त्याचा सदरा काढत होती. तिचा हात थांबला.

“हाड वर आलंय,” ती म्हणाली. “गळ्याखालचं. मोडलंय.”

“हो का?”

“हो का काय? दुखत नाही?”

त्याने बोटाने चाचपून पाहिलं. “असेल मोडलं,” तो म्हणाला. तिने फडकं फाडून त्याचा हात गळ्यात बांधला. त्या हाताने पुढे त्याला खांद्यावर काही उचलता आलं नाही.

लुद्विका बाईसाहेब वसंतात वोम्झाच्या मठात गेल्या आणि परत आल्या नाहीत. जमीन, तळी, गावं आणि माणसं क्लेमेन्सच्या आजोबांच्या बहिणीच्या नातवाकडे गेली. नवे धनी तिशीतले, लाल गालांचे, मनाने मोकळे होते. त्यांनी वेशीवरचा दगडी बगळा काढून आपल्या घराण्याचा नांगराचा फाळ बसवला. चिलखत लोहाराकडे गेलं. त्याच्या बिजागऱ्या धान्याच्या कोठाराला लागल्या आणि चांगल्या टिकल्या.

चार वर्षांनी सुगी संपल्यावर गढीच्या अंगणात मेजवानी होती. पाहुण्यांपैकी एकाने लहानपणी दोल्वित्स्कींच्या त्या विधीबद्दल ऐकलं होतं. बिशपांनी आता चर्चमध्ये घोडे आणायला मनाई केली होती. असलं काही पुन्हा बघायला मिळणार नव्हतं. नव्या धन्यांनी गावेलला बोलावलं.

“तूच ना तो मयत? पाहुण्यांना दाखव एकदा. फरशी नाही, माती आहे. तीही ओली.”

त्यात दुष्टपणा काही नव्हता. घोडा पुढे आणला. गावेल साठीचा झाला होता. दोघांनी हात देऊन त्याला चढवलं. पाहुणे चषक घेऊन गोल उभे राहिले. त्याने घोडा मधोमध आणला, सवयीने एक पाय रिकिबीतून सैल केला, हनुवटी छातीला लावली.

आणि अंग सुटेना.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. गुडघ्यांनी घोडा घट्ट धरला होता. तो गुडघ्यांना सोडा म्हणत होता आणि ते सोडत नव्हते. खाली जमीन फार लांब दिसत होती. दात वाजायला लागले, आणि हे काय आहे ते ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. त्याला भीती वाटत होती.

“पडवत नाही, धनी,” तो म्हणाला.

“काय?”

“पडवत नाही. भीती वाटते.”

पाहुणे हसले. एकजण म्हणाला, “मयत आणि मरणाला घाबरतो.” धनीही हसले आणि हात झटकून म्हणाले, “उतरवा त्याला. बियर द्या.” गोष्ट तिथेच संपली, लोक पुन्हा टेबलाकडे वळले. गावेलला दोघांनी खाली घेतलं. पेला तोंडापर्यंत नेताना निम्मी बियर सदऱ्यावर सांडली. गळ्याखालचं हाड ठणकायला लागलं होतं. चार वर्षांपूर्वी मोडलेलं हाड.

ते ठणकणं थांबलं नाही. थंडी पडली तसं वाढलं. तेक्ला रोज तेल चोळायची. तो ‘आई गं’ म्हणायचा, आणि ती हात हलका करायची.

नोव्हेंबरात सगळ्या आत्म्यांच्या दिवसाआधी लोक फादरकडे जाऊन आपल्या मेलेल्यांची नावं देतात. फादर ती चर्चमध्ये वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. गावेल आजवर कधी नाव द्यायला गेला नव्हता. त्या वर्षी गेला. फादर ईजी आता म्हातारे झाले होते. चष्मा कपाळावर चढवून लिहीत होते.

“बोल, गावेल.”

“याकूब,” तो म्हणाला. “याकूब पितेल.”

फादरनी लेखणी टेकवली नाही. “ते आहे.”

“कसं आहे?”

“तेक्ला देते दर वर्षी. पहिल्या वर्षापासून. मी तेवीस वर्षं वाचतोय.”

गावेल त्यांच्याकडे बघत राहिला. दर वर्षी तो त्या चर्चमध्ये असायचा. तिसऱ्या खांबापाशी, तेक्लाच्या शेजारी, टोपी हातात धरून.

“तू ऐकलं नाहीस?” फादरनी विचारलं.

“नाही.”

म्हाताऱ्याने चष्मा खाली घेतला. “आणखी कोणी?”

“क्लेमेन्स.”

“दोल्वित्स्की?”

गावेलने थोडा विचार केला. “नुसतं क्लेमेन्स,” तो म्हणाला.

घरी येताना वाटेत तेक्ला भेटली. तिच्या पाठीवर कोबीची टोपली होती. दोन दिवसांनी कोबी चिरून मिठात घालायचा होता. त्याने चांगल्या खांद्यावर टोपली घ्यायला हात पुढे केला आणि तिने दिली. ते काही अंतर चालले.

“मला कधी सांगितलं का नाहीस? याकूबचं नाव देतेस म्हणून?”

“तू शेजारीच उभा असायचास,” तेक्ला म्हणाली.

रस्ता गोठायला लागला होता. चाकोऱ्यांवर पातळ बर्फ धरलं होतं. गावेलचे डोळे भरून आले आणि गाल गार पडले. त्याने टोपली दुसऱ्या हाताने सावरायचा प्रयत्न केला. तो हात वर जाईना. तेक्लाने टोपलीची एक बाजू धरली. त्यांनी ती मध्ये घेऊन घरापर्यंत नेली.